बाई म्हणल्या, बाई म्हणली

कुणीबी विचारलं की पुनम, पोरीची शाळा का बदलून राहिलीस, तर माझं उत्तर ठरलेलं होतं. इंग्रजीसाठी. सृष्टीला दुसरीला इथंच ठेवायचं, आमच्या गल्लीच्या टोकाच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, की भोकर रोडच्या इंग्लिश शाळेत टाकायचं, हे आमच्या घरात होळीपासून चाललं होतं. अन् मी इंग्रजीचं नाव काढलं की समोरचं माणूस मान हलवून गप बसायचं. इंग्रजीपुढं हिमायतनगरात कुणी तोंड उघडत नाही. पण खरं सांगू का? मला त्या इंग्रजीचं काय लोणचं घालायचं होतं? मला त्या उमादेवीबाईच्या हातातून माझी पोरगी सोडवायची होती. बस्स.

आता हे कळायचं तर आधी माझं नाव काय ते कळलं पाहिजे. आधार कार्डावर पुनम. नवरा पुनम म्हणतो, गिऱ्हाइकं ‘ब्लाउजवाली’ म्हणतात, कारण मी घरी मशीनवर ब्लाउज शिवते. पण सृष्टी मला ‘बाई’ म्हणते. माझं माहेर शिरूर अनंतपाळ. तिकडं आमच्या घरात आईला बाईच म्हणायचं. माझी आई लक्ष्मीबाई, पण आम्हा भावंडांची नुसती बाई. ए बाई, भूक लागली. ए बाई, माझी चप्पल कुठाय. ती गेली, अन् ज्या घरात दिवसभर बाई-बाई चालायचं तिथं ती हाकच बंद पडली. माहेरी गेलं की मला ते घर ओळखू यायचं नाही.

म्हणून सृष्टी बोलायला लागली तसं मी ठरवलं, ही मला बाईच म्हणंल. माझी जाऊ साक्षी नाक मुरडायची. ‘अगं, काय खेडवळासारखं! मम्मी म्हणू दे की.’ तिचा सत्यम मम्मी म्हणतो. गल्लीतली सगळीच लेकरं मम्मी म्हणतात. सांजच्याला एखादं पोरगं ‘मम्मी’ म्हणून ओरडलं की चार-सहा घरांतून चार-सहा बाया दारात येतात अन् एकमेकींची तोंडं बघतात. ‘बाई’ म्हणलं की मी एकटी. मला त्याचा लई तोरा होता.

अन् मग ती पहिलीला गेली, अन् तिथं दुसरी बाई निघाली.

आता शाळेतल्या मास्तरणीला बाई म्हणतात हे काय मला माहीत नव्हतं? मीबी बारावीपर्यंत शिकलेली आहे. पण माहीत असणं वेगळं अन् आपल्या पोरीच्या तोंडून ऐकणं वेगळं. उमादेवीबाई देगलूरकडच्या, बोलताना मधेच तेलुगूचा हेल काढतात. उंच, सावळ्या, साडीला कडक इस्त्री, आवाज असा की शेवटच्या रांगेतलं पोरगंबी सरळ बसावं. त्यांचे ब्लाउज माझ्याकडंच येतात, त्यामुळं त्यांचं माप मला पाठ आहे. नाव ठेवावं असं त्या मापात काही सापडत नाही, त्याचाबी मला राग.

पहिल्याच महिन्यात सुरू झालं. बाई म्हणल्या, नखं कापायची. बाई म्हणल्या, ताटात टाकायचं नाही. करडईच्या भाजीसाठी मी हिच्या मागं ताट घेऊन अख्खं अंगण फिरायची, तोंड घट्ट मिटून बसायची पोरगी. ती एक दिवस घरी आली अन् आपल्या हातानं भाजी वाढून घेऊन खायला लागली. म्हणलं, हे काय गं? तर म्हणे, ‘बाई म्हणल्या, करडईनं हाडं घट्ट होतात.’ अगं भवाने, मग मी इतके दिवस काय भिंती घट्ट होतात म्हणत होते का?

एकदा सकाळी माझी एक वेणी घालून गेली अन् दुपारी दोन वेण्या घालून आली, वर लाल रिबिनीची फुलं. ‘बाईंनी घातल्या.’ आरशासमोरून हलायला तयार नाही. झोपायच्या आधी त्या वेण्या मी सोडल्या तेव्हा जरा जोरातच सोडल्या. ती ओरडली. मी म्हणलं, इतक्या आवळून कशाला घातल्या मग तुझ्या बाईनं.

जळत होते मी. त्याला दुसरा शब्द नाही. शेजारणीच्या साडीवर जळणं वेगळं, ते दोन दिवसांत विझतं. हे रोज दुपारी दप्तर घेऊन घरी यायचं. त्याच दिवसांत उमादेवीबाईंचा एक मोरपंखी ब्लाउज शिवायला आला. त्याच्या बाह्या मी अर्धा इंच आत घेतल्या. चुकून नाही, मापून घेतल्या. म्हणलं, फळ्यावर हात वर केला की कळंल.

पुढं एक दिवस मी भाकरी करून राहिले होते अन् मागून आवाज आला, ‘बाई, तुम्ही मला भाकर देता का?’ मी मान वळवून दाराकडं बघितलं. मला वाटलं, उमादेवीबाईच दारात आल्या की काय अन् पोरगी त्यांना भाकर मागून राहिली! दारात कुणी नव्हतं. ती माझ्याशीच बोलत होती. शाळेत त्या दिवशी मोठ्यांना अहो-जाहो करायचं शिकवलं होतं म्हणे.

माझ्या आईला मी शेवटपर्यंत ‘ए’ म्हणलं, दवाखान्यात तिला शेवटचं पाणी पाजलं तेव्हाबी ‘ए बाई, पी गं’ म्हणलं. अन् ही मला तुम्ही म्हणते? मी उलथनं उगारलं. ‘पुन्हा मला तुम्ही म्हणलीस तर बघ! मी काय तुझ्या घरी आलेली पाहुणी हाय का?’ घाबरून बिचारी तूवर आली.

त्या दिवशी मी माझ्या मनाची एक समजूत घातली. बाई त्याबी अन् बाई मीबी. पण त्यांच्या मागं ‘म्हणल्या’ लागतं अन् माझ्या मागं ‘म्हणली’. बाई म्हणल्या म्हणजे शाळा, बाई म्हणली म्हणजे घर. सृष्टी त्यात कधी चुकत नव्हती. म्हणलं, तेवढं शेपूट माझ्याकडं आहे तोवर भ्यायचं कारण नाही.

तेबी गेलं असं मला वाटलं, तो दिवस मार्चमधला. आमचे हे, बजरंग, विहिरीच्या मोटारी दुरुस्त करतात. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, मी आतल्या खोलीत मशीनवर, मधे नुसता पडदा. सृष्टी शाळेतून आली ती दुकानातच बसली. वडलांना ती दादा म्हणते.

‘दादा, आज शाळंत इचारलं, मोठं झाल्यावर कोण होणार. उजमा डॉक्टर होणार म्हणली. सगळ्याच डॉक्टर म्हणल्या. मी म्हणलं, मी बाई होणार.’

माझा मशीनवरचा पाय थांबला.

‘बाई? कामून गं?’ ह्यांनी विचारलं.

‘बाईला सगळं येतं. बाई रागावती, पण मग जवळ घेती. बाईसारखं कुणीच न्हाई.’

हे खुदकन हसले. पडद्याच्या फटीतून मला दिसलं, ह्यांनी घराकडं एकदा बघितलं अन् आवाज बारीक केला. ‘हाव की. मलाबी लई आवडती बाई. पण सांगू नको हां कुणाला.’

हातात कात्री होती, ती मी आधी खाली ठेवली.

रागावती! घेती! कालपर्यंत बाई रागावतात होतं, बाई घेतात होतं. म्हणजे आता तेवढं अंतरबी राहिलं नाही, शाळेतली बाई घरातली झाली. माझं शेपूट तिला लागलं. अन् नवरा? ह्यांना लई आवडती! घराकडं बघून, आवाज बारीक करून, आवडती! प्रवेशाच्या कामाला हे दोनदा शाळेत गेले होते ते आठवलं, अन् दोन्ही वेळेला इस्त्रीचा शर्ट घातला होता तेबी आठवलं.

जेवताना मी जाहीर केलं. ‘सृष्टी दुसरीला भोकर रोडला जाईल.’

‘कामून? शाळा चांगली हाय की. बाई चांगल्या हायत,’ हे म्हणले.

‘हायतच! तुम्हाला तर लईच चांगल्या वाटून राहिल्या!’

ह्यांनी घास हातात धरून माझ्याकडं बघितलं, मग सृष्टीकडं बघितलं. काय झालं हिला, असं तोंड. काही कळलं नाही असं दाखवण्यात पुरुषमाणसं लई हुशार असतात, असं मला तेव्हा वाटलं. ह्यांना खरंच काही कळलं नव्हतं.

इंग्लिश शाळेत बाई नसतात, मिस असतात. सत्यम सारखा ‘मिस सेड, मिस सेड’ करतो, साक्षी त्याच्याकडं बघून फुगते. अन् इंग्रजीत तू बी नाही अन् तुम्ही बी नाही, सगळ्यांना सरसकट यू. म्हणलं, हे बेस. शेपटाचं भांडणच नको. एकदा सृष्टी तिकडं गेली की बाई म्हणायला मी एकटी उरते.

मेमध्ये तिला घेऊन गेले. मिस तरणी होती, गोड बोलणारी, नांदेडच्या बाजूची. सृष्टीनं नाव सांगितलं, रंग ओळखले, वीसपर्यंत इंग्रजी आकडे म्हणून दाखवले. ते आकडे उमादेवीबाईंनीच शिकवलेले, पण मी ते तिथं बोलले नाही. मग मिसनं विचारलं, ‘घरी कोण कोण असतं, बेटा?’

‘दादा, बाई अन् मी.’

‘अरे वा! मोठा दादा आहे तुला? आणि कामाला बाईपण येते? आणि मम्मी-पप्पा?’

सृष्टी माझ्याकडं बघायला लागली. मग तिनं माझ्याकडं बोट केलं. ‘ही बाई.’

मिस लाजली. ‘सॉरी हं ताई. पण बेटा, बाई नाही म्हणायचं. बाई तर घरी भांडी घासायला येते ना? आपण मम्मी म्हणायचं. से, मम्मी.’

सृष्टीनं पुन्हा माझ्याकडं बघितलं. मी समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यातल्या सफरचंदाकडं बघितलं. काय बोलणार होते? माझ्याच पायानं तिथं चालत गेले होते.

‘मम्मी,’ सृष्टी म्हणली. लेकरू हुशार आहे, एकदाच सांगावं लागतं.

प्रवेश पक्का झाला. जुन्या शाळेचा दाखला आणून द्या म्हणले. सृष्टी घरी आली अन् चप्पल काढता काढता म्हणली, ‘मम्मी, पाणी दे.’ मम्मी, झोका बांध. मम्मी, सत्यमकडं जाऊ का. साक्षी खूश झाली, म्हणली, आता कसं शोभून दिसतं. एका सांजच्याला बाहेर पोरगं ओरडलं ‘मम्मी’, तर मीबी मशीनवरून उठून दारात आले, बाकीच्या बायांसारखी. सत्यम होता तो. आम्ही सगळ्या एकमेकींची तोंडं बघून आत गेलो.

अन् मग बाई कोण उरली? उमादेवी! अख्ख्या हिमायतनगरात माझ्या पोरीची बाई आता ती एकटी. तिची जिरवायला निघाले होते अन् जिरली माझीच. मनातल्या मनात मी त्यांना आता अहो-जाहोसुद्धा करत नव्हते.

शाळा उघडायच्या आधी मी दाखला आणायला गेले. वर्गाचं दार उघडं होतं. उमादेवीबाई स्टुलावर चढून दारावर पताका बांधून राहिल्या होत्या, पहिलीच्या नव्या पोरांसाठी. अंगात तोच मोरपंखी ब्लाउज. एक हात खिळ्याकडं न्यायच्या अन् मधेच खाली घ्यायच्या. वर जातच नव्हता.

‘या, या, सृष्टीची आई. जरा ही दोरी अडकवता का? बाह्या ओढतात हो. जाड झाले वाटतं मी.’

मी दोरी अडकवली. त्यांच्या तोंडाकडं न बघता म्हणलं, ‘दाखला पाहिजे होता. भोकर रोडला घालून राहिलो. इंग्रजीसाठी.’

त्या स्टुलावरून उतरल्या अन् त्यावरच बसल्या. मग म्हणल्या, ‘देते. आईबापाची इच्छा, मी कोण अडवणारी? पण आता जाताच आहात तर सांगते. वर्षभर मी तुमच्यावर जळले.’

‘माझ्यावर?’

‘नाही तर काय! सारखं आपलं बाई म्हणली, बाई म्हणली. मी म्हणायचे, अगं, मी कधी म्हणाले? तर म्हणे, तुम्ही न्हाई हो, बाई म्हणली. शेवटी तिच्या बाकावरच्या उजमानं मला समजावलं. घरी उर्दू बोलते ती पोरगी, पण कान बघा तिचा. म्हणाली, बाई म्हणल्या म्हणजे आप, अन् बाई म्हणली म्हणजे सृष्टीकी अम्मी. तेव्हापासून सगळ्या वर्गाला पाठ झालं. मी हौसेनं दोन वेण्या घालून दिल्या, तर म्हणते, छान आहेत, पण बाई एकच घालती अन् ती सुटत न्हाई.’

मी खाली पडलेल्या पताका गोळा करायला लागले.

‘आणि मार्चमधलं तर विचारूच नका. मी वर्गात विचारलं, मोठं झाल्यावर कोण होणार. सगळ्या डॉक्टर. माझी स्वतःची पोरगी डॉक्टर व्हायला लातूरला जाऊन बसली आहे. फोन केला की म्हणते, मम्मा, क्लास आहे, ठेव. अन् ही उठून म्हणते, मी बाई होणार! इतकी वर्षं शिकवते आहे, असं कुणी म्हणालं नव्हतं. मला असा आनंद झाला म्हणून सांगू! पुढं बोलावलं, हातात खडू दिला, म्हणलं, ये, माझ्या जागेवर उभी राहा. तर खडू मला परत देते. म्हणे, खडू नको, मी मशीनवर बसणार.’

त्या हसायला गेल्या, पण हसू नीट आलं नाही. पताकेचं एक टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

मशीनवर बसणार. म्हणजे त्या दिवशी पडद्याआड ‘रागावती अन् जवळ घेती’ ती कोण होती? मीच. अन् ‘मलाबी लई आवडती’ म्हणून ह्यांनी घराकडं बघितलं ते कुणाकडं? माझ्याकडंच. मार्चपासून मी ह्या माणसाला एकदाबी धड वाढलं नव्हतं, ताट समोर आपटत होते. अन् मार्चपासून मी कुणावर जळून राहिले होते? माझ्यावरच. असली येडी बाई नांदेड जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही.

‘लिहू मग दाखला?’ बाईंनी विचारलं.

‘राहू द्या,’ मी म्हणलं. ‘अन् हा ब्लाउज उद्या पाठवा माझ्याकडं. बाह्या सैल करून देते. आत कापड ठेवलेलं हाय.’

‘तुम्हाला ठाऊक होतं, घट्ट आहेत ते?’

‘शिवणारीला ठाऊक असतं.’

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पताकांकडं बघितलं. कळायचं ते त्यांना कळलं असंल, त्या काय कमी हुशार नाहीत.

घरी आले तर सृष्टी ओट्यावर चिंचोके खेळत बसलेली. ‘मम्मी, कुठं गेली होती?’ मी सरळ आत गेले. ‘मम्मी!’ मी परातीत पीठ काढलं. ‘मम्मी, भूक लागली!’ मी पिठात पाणी घातलं.

हे पडद्यातून डोकावले. ‘अगं, लेकरू हाक मारून राहिलं.’

‘मला न्हाई मारून राहिलं.’

ह्यांनी पुन्हा ते ‘काय झालं हिला’वालं तोंड केलं. ह्या वेळेला मला ते तोंड लई आवडलं, पण ते काय सांगायचं असतं का? सृष्टी पाय आपटत चुलीपाशी आली. चेहरा लालबुंद.

‘ए बाई! बहिरी झाली का तू?’

‘ओ,’ मी म्हणलं.

आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. जीभ चावून ती दाराकडं बघायला लागली, जशी मिस तिथं उभी आहे. ‘मिस म्हणल्या होत्या, बाई म्हणायचं न्हाई.’

‘अन् बाई काय म्हणली होती?’

तिनं थोडा विचार केला. ‘बाई कुठं काय म्हणली? बाई तर गपच बसली.’

माझा पिठातला हात तसाच राहिला. म्हणजे तिनं मिसचं ऐकलं नव्हतं. माझं गप बसणं ऐकलं होतं. दोनदा माझ्याकडं बघितलं होतं लेकरानं, अन् मी सफरचंद बघत होते.

‘मग आता म्हणून राहिली,’ मी म्हणलं. ‘बाईच म्हणायचं. मिस म्हणू दे न्हाई तर कलेक्टर म्हणू दे. अन् भोकर रोडला जायचं न्हाई. दुसरीबी इथंच.’

‘बाईंच्या शाळंत?’

‘हाव.’

तिनं चिंचोके तिथंच भिरकावले अन् ‘बाईंच्या शाळंत! बाईंच्या शाळंत!’ करत दादाला सांगायला पळाली. पुढच्या खोलीत नाचण्याचा आवाज यायला लागला, डब्यात ठेवलेल्या ह्यांच्या नट-बोल्टांचाबी. एवढं नाचण्यासारखं काय होतं? मी भाकर जरा जोरातच थापली.